चुलीअलीकडचा बुटका दरवाजा

या घरातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी लाथ मारली आहे, मित्रांनो. थोरलीने मारली, धाकटीने मारली, आणि जिच्यासाठी मला उभा केला त्या पोरीने तर धड चालता येण्याआधीच मारली. मी एक जुना, निलगिरीच्या फळ्यांचा, कमरेएवढा बुटका दरवाजा आहे. स्वयंपाकघराच्या ऐन मध्यावर उभा असतो. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला माणसं. अडवणं हे माझं काम, आणि अडवणाऱ्याचं कौतुक करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

दरवाजा होण्याआधी मी पलंग होतो. तेव्हा बरे दिवस होते. ओब्दुलिया या डोंगरावरच्या घरात नवरी म्हणून आली ती पहिल्यांदा माझ्यावर टेकली. तिची सहाही मुलं माझ्यावरच जन्मली. पुढे तिचा नवरा वारला, तेव्हा तिने मला उचलून अंगणात भिंतीला टेकवला आणि आपण खाली मेंढीच्या कातड्यावर झोपू लागली. मग माझ्यावर कोंबड्या बसायच्या. गारांनी माझी कातडी सोलली. कुणी विचारपूस केली नाही. पण लाथही कुणी मारली नाही, हे मला नंतर आठवायचं.

मग धाकटा मुलगा वेन्सेस लग्न करून नेलिदाला घेऊन आला. वेन्सेस खाणीवर कामाला, महिन्यातून एकदा घरी यायचा. मागे उरायच्या सासू, सून आणि सुनेची तान्ही पोर, उर्पी. दोन बायका आणि एक चूल. पुढचं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमच्याकडचं स्वयंपाकघर म्हणजे कच्च्या विटांची एक काळीकुट्ट खोली. चूल मातीची, अगदी जमिनीलगत. आणि चुलीभोवती कुय. कुय म्हणजे बिनशेपटीचे, गुबगुबीत, सशाहून लहान आणि उंदराहून मोठे जीव. ते दिवसभर पायांतून पळतात, आपलं नाव आपणच ओरडत राहतात आणि सणाच्या दिवशी ताटात येतात. धुराशिवाय कुय जगत नाही, असं ओब्दुलियाचं ठाम मत. तिच्या आईचंही तेच होतं.

उर्पी रांगू लागली त्या आठवड्यात नेलिदाने एक विचित्र गोष्ट केली. डोक्यावरची टोपी काढून ठेवली, गुडघे आणि तळवे जमिनीला टेकवले आणि स्वयंपाकघरभर रांगत सुटली. मी समोर अंगणात टेकून होतो, मला सगळं दिसत होतं. तेवढ्यात ओब्दुलिया चाऱ्याचा भारा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"अगं बये! कुय झालीस का? चारा टाकू?"

"उर्पीला काय काय दिसतं ते बघतेय, आई. तिच्या उंचीवरून."

"मग? काय दिसला खजिना?"

"चूल. जिकडून बघावं तिकडून चूलच. सुरी हाताला येते. आणि ही मक्याची हंडी. उकळती हंडी तुम्ही नेहमी खाली जमिनीवर उतरवता."

"मग काय आभाळात टांगू?"

नेलिदा उठली नाही. तिने काटकी घेऊन जमिनीवरच्या राखेत रेघा ओढल्या. इथे आग राहील. सुरी वर, वाशाला. गरम हंडी भिंतीकडच्या कट्ट्यावर, काठापासून आत. आणि इथे, अलीकडे, पोरगी, लाकडी चमचे आणि बटाट्यांची टोपली घेऊन. "तिला बाहेर हाकलायचं नाही," ती म्हणाली, "मी तिला दिसले पाहिजे आणि ती मला. पण आग आणि ती, या दोघींच्या मध्ये काहीतरी हवं."

तेवढ्यात चार-पाच कुय धावत आले आणि त्या रेघांवरून पार झाले. नकाशा पुसला गेला.

"बघ," ओब्दुलिया म्हणाली, "त्यांनाही पटला नाही. सूनबाई, सहा पोरं रांगली या चुलीभोवती. एकालाही मी मेंढरासारखं कोंडलं नाही."

"आणि मोठी किती झाली?"

नेलिदा हे बोलली, आणि बोलल्यावर तिचाच चेहरा उतरला. ओब्दुलियाने चाऱ्याचा भारा खाली टाकला आणि ती निघून गेली.

मित्रांनो, घरात हे कुणी बोलत नाही म्हणून मी सांगतो. ओब्दुलियाचा चौथा मुलगा हिलारिओ नुकता उभा राहू लागला होता. त्याने हंडीचा काठ धरला. त्याला आणून माझ्यावर निजवला होता, आणि तो माझ्यावरून पुन्हा उठला नाही. नेलिदाला हे वेन्सेसने एकदाच, चालता चालता सांगितलं होतं.

त्या दिवसापासून सासू-सून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. निरोप पोरीमार्फत जायचे, आणि पोरीला तर अजून बोलता येत नव्हतं. "उर्पी, तुझ्या आईला सांग, मीठ संपलं." "उर्पी, आजीला सांग, मीठ तिच्या डोळ्यांसमोर आहे." पोरगी दोघींकडे बघून टाळ्या वाजवायची.

अशाच एका सकाळी नेलिदाने करवत आणली आणि माझ्यावर चालवली. ओब्दुलियाला मग तोंड उघडावंच लागलं.

"आता माझा पलंगही कापलास?"

"तुम्ही त्यावर झोपत नाही, आई."

"मेल्यावर झोपले असते."

"तोवर मी दुसरा करून देईन."

"माझ्या मरणाची तयारी करतेय! ऐकलं का गं, उर्पी?"

माझ्या फळ्या खिळ्यांनी जोडल्या. जुन्या टायरच्या रबराच्या बिजागऱ्या, तारेची कडी. दोन्ही अंगांना फळकुटांचा कठडा. उघडताना माझं रबर कुरकुरायचं. त्यावरून अख्ख्या घराला कळायचं की कुणीतरी चुलीकडे गेलं.

आणि मग शिव्या सुरू झाल्या. उर्पीने पहिल्याच दिवशी माझ्यावर डोकं आपटलं, रडून घर डोक्यावर घेतलं, आणि रडून झाल्यावर मला चावली. हातात परात घेऊन येणारी नेलिदा कडी निघेना की मला टाचेने ढकलायची, आणि मला तिनेच तर केलं होतं! ओब्दुलियाने तर माझी कडी काढायची नाही, अशी शपथच घेतली होती. ती घागऱ्याचे घेर वर धरायची, हंडी पोटाशी घ्यायची आणि मला ओलांडून जायची. जाता जाता एक लाथ.

तिची खरी तक्रार मात्र कुयांची. मी जमिनीपर्यंत होतो, त्यामुळे निम्मे कुय अलीकडे अडकले. त्यातला एक मेला.

"धुराविना गेला बिचारा," ओब्दुलिया त्याला शेपटीअभावी पायाला धरून नाचवत म्हणाली. "तुझ्या फळीने मारला."

"म्हातारा होऊन मेला असेल."

"कुय म्हातारे होत नसतात. आपण होऊ देत नाही."

दुसऱ्या दिवशी नेलिदा ओढ्यावर धुणं घेऊन गेली, आणि इकडे ओब्दुलियाने माझी खालची फळी कापून टाकली. जमिनीपासून वीतभर मोकळं. कुयांची वाट मोकळी झाली. नेलिदा परत आली, तिने वाकून त्या फटीत हात घातला आणि सासूकडे बघितलं.

"पोरीचं डोकं नाही जात," ओब्दुलिया म्हणाली. "मी भोपळा घालून बघितलाय."

"कुठला भोपळा?"

"तो काय. मोठा."

"आई, उर्पीचं डोकं त्याच्या निम्मं आहे!"

"मग तिला नीट खायला घाल."

उद्या फळी ठोकते, असं नेलिदा म्हणाली. पण बटाटे काढायचे दिवस आले होते. बटाटे काढायच्या दिवसांत उद्या कधी येत नाही.

त्या दुपारी नेलिदा शेतात होती. ओब्दुलिया घरी, अलीकडच्या बाजूला पाटावर बसून किडके बटाटे निवडत होती. चूल तिच्या पाठीमागे. पलीकडे मक्याची हंडी नुकतीच उतरवलेली, तिच्या आवडत्या जागी, जमिनीवर. उर्पी टोपलीपाशी.

एक तांबूस कुय माझ्याखालून पलीकडे गेला. उर्पीने बघितलं. ती पोटावर पडली, डोकं आडवं केलं, मग एक खांदा, मग दुसरा, अगदी त्या कुयासारखी. पोरं खोडी करताना आवाज करतात असं म्हणणाऱ्याने कधी पोर सांभाळलेलं नसतं. ती चिडीचूप गेली. मी उघडलो असतो तर कुरकुरलो असतो. पण ती माझ्याखालून गेली, आणि मी तसाच उभा, बंद, कडी लावलेला, दिसायला अगदी भरवशाचा.

तिने उभं राहायला हंडीचा काठ धरला.

सगळे कुय एकदम किंचाळले. ओब्दुलिया वळली. मला ओलांडायला घागरा आवरावा लागतो. तिने तो आवरला नाही. ती सरळ माझ्यातून आली. कडी तुटली, एक बिजागरी फाटली. मला आयुष्यात बसलेली ती सगळ्यात मोठी लाथ. तिने एका हाताने पोरीला राखेत लोटलं, आणि कलंडणारी हंडी दुसऱ्या हातावर घेतली.

नेलिदा शेतातून धावत आली तेव्हा उर्पी राखेत लोळून, काळी होऊन, भोकाड पसरून बसली होती. तिला साधा ओरखडाही नव्हता. ओब्दुलियाचा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाला होता. नेलिदाने तिला ओढत अंगणात नेलं आणि हातावर तांब्याने गार पाणी धार धरून ओतायला सुरुवात केली.

"बटाटा किसून लाव आधी! पाण्याने फोड येतात."

"फोड आगीने येतात! हात हलवू नका."

"ओय! सुनेला आयती संधी मिळाली सासूला छळायची."

"ही तुमच्या करवतीची करणी आहे, आई," नेलिदा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण पाण्याची धार हलत नव्हती. "कुयांसाठी. चार कुयांसाठी माझी पोर गेली असती."

"माझ्या करवतीची? तुझ्या दरवाजाची!" ओब्दुलिया ओरडली. शेजारच्या कुंपणावर दोन डोकी वर आली, तिने पर्वा केली नाही. "हिलारिओ गेल्यापासून मी चुलीला कधी पाठ दाखवली नाही. कधीच नाही! पाच पोरं वाढवली, भाजी चिरली, सूत कातलं, नवऱ्याशी भांडले, सगळं चुलीकडे तोंड करून. मानेचं लाकूड झालं. मग तुझं हे फळकूट आलं. आणि आज मी पाठ करून बसले. आरामात बसले! दरवाजा आहे ना, म्हटलं."

नेलिदाने तांब्या भरून आणला, पुन्हा ओतला. पुन्हा भरून आणला. दोघींचंही खरं होतं, आणि म्हणून ते भांडण मिटणार कसं?

हातावर ओलं स्वच्छ फडकं गुंडाळून झालं. ओब्दुलिया उंबऱ्यावर बसली होती. चुलीकडे बघून म्हणाली, "वर घे तिला."

"कुणाला? उर्पीला?"

"चुलीला! पोरगी काय कायम वरच असते तुझ्या काखेत. चूल वर घे. विटांचा ओटा कर. कुय त्याच्या पोटात राहतील, ऊब मिळेल, धूरही मिळेल. आणि चुलीच्या तोंडाशी दगड लाव, निखारा खाली पडायला नको."

"किती वर?"

"कमरेएवढा."

"कुणाच्या? तुमच्या कमरेला तर माझी छाती येते."

"मी अजून मेलेले नाही."

"तुम्ही त्यावर किती वर्षं रांधणार? मला तर जन्म काढायचाय."

पुन्हा शब्दाने शब्द वाढला. शेवटी ओटा नेलिदाच्या कमरेएवढा झाला. तेव्हापासून ओब्दुलिया रोज वाकते आणि रोज पाठ धरून सुनेचा उद्धार करते. भिंतीकडचा कट्टाही झाला. त्यावर पहिली गरम हंडी ओब्दुलियानेच ठेवली, ती काठावर. नेलिदाने ती वीतभर आत सरकवली. "आत आहे की," सासू म्हणाली. "आता आहे," सून म्हणाली. सुरी वाशाला गेली. ती काढायला नेलिदाला दगडावर चढावं लागतं आणि तेव्हा सासूच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी समाधान दिसतं.

माझी कडी आणि बिजागरी दुरुस्त झाली, आणि खालची फळी पुन्हा ठोकली. ओब्दुलियाने ती पायाने दाबून धरली आणि नेलिदाने खिळे मारले. "सरळ मार, माझा अंगठा आहे," एवढंच बोलणं झालं. मग ओब्दुलियाने आपला पाट उचलला, फिरवला, आणि चुलीकडे तोंड करून ठेवला. तो अजून तसाच आहे. तिच्या हातावरचा डाग पांढरा पडलाय, आणि ती तो बाहीखाली झाकत नाही.

दोघी अजून भांडतात. पण निरोप आता पोरीमार्फत जात नाहीत, कारण पोरगी बोलू लागली आहे आणि सगळं जसंच्या तसं सांगते.

परवा उर्पी माझ्यापाशी आली, टाचा उंचावल्या आणि तिने माझी कडी काढली. सहज. मी जोरात कुरकुरलो. ओब्दुलिया पाटावरून उठली. मला वाटलं, आता पोरीला धपाटा आणि मला लाथ. तिने पोरीचं मनगट धरलं आणि तिला चुलीकडे घेऊन गेली. ओट्यापासून हातभर अलीकडे थांबली. डाग असलेला आपला हात पुढे केला, त्याच्या मागे पोरीचा छोटा हात धरला, झळ लागेल इतकाच, आणि म्हणाली, "अचाचाऊ." चटका बसला की आमच्या डोंगरात सगळे हेच ओरडतात.

उर्पीने हात मागे घेतला. आगीकडे बघितलं, आजीच्या डागाकडे बघितलं. "अचाचाऊ," ती हळूच म्हणाली. नेलिदा दारात उभी होती. सासूने तिच्याकडे न बघताच विचारलं, "काय गं? काही चुकलं का माझं?"

"नाही," नेलिदा म्हणाली. "हात आणखी थोडा मागे धरा."

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. माझ्या बिजागऱ्या सुकू द्या, फळ्या किडू द्या, जाता-येता हव्या तेवढ्या लाथा मारा. मला सवय आहे. पण माझा भरवसा धरून चुलीला पाठ करू नका. त्या दुपारी ती पोर माझ्या डोळ्यांदेखत माझ्याखालून पलीकडे गेली. मला सगळं दिसतं. हाक मात्र तुम्हालाच मारावी लागते.