मागच्या सीटवरची चादर

नवऱ्याने महागडी हायब्रिड गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी मागच्या सीटवर जाड चादर अंथरली. पांढऱ्या लेदरला डाग पडू नये म्हणून ती चारही बाजूंनी नीट खोचली.

उन्हाळा लागला तसा लांबच्या प्रवासात बॅटरी तापल्याचा दिवा लागायला लागला. वर्कशॉपमध्ये नेली की गाडी ठणठणीत. चार दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. नवऱ्याने आधी पेट्रोलला, मग रस्त्यांना आणि शेवटी माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवली.

परवा तो तापाने आडवा झाला, म्हणून गाडी मीच नेली. मेकॅनिकने मागचं दार उघडलं आणि विचारलं, "ताई, ही चादर नेहमी असते?"

"नेहमी. फक्त तुमच्याकडे आणताना हे काढून ठेवतात. चारचौघांत बरी दिसत नाही म्हणे."

त्याने चादर उचलली. सीटच्या कडेला एक जाळी होती. बॅटरीला गार हवा तिथूनच मिळते, आणि तिचंच तोंड आम्ही गच्च दाबून ठेवलं होतं.

घरी येऊन मी चादर नवऱ्याच्या अंगावर टाकली आणि सगळं सांगितलं. त्याने ती गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"म्हणजे आता चादर घालायचीच नाही?"

"नाही."

त्यानंतर दिवा लागलेला नाही. मागे कोणी बसायचं नाही, असा नवा नियम मात्र निघाला आहे. सासूबाई, मुलगी आणि मी, तिघी पुढच्या एका सीटसाठी भांडतो.