कमानीखालून आधी कोण

उद्घाटनाच्या सकाळी सर्जेराव तात्यांचं डोकं फिरलेलंच होतं. गावच्या नव्या कमानीवर त्यांचं नाव रंगवलं होतं आणि ते त्यांना आदल्या संध्याकाळी, सगळं उरकल्यावर कळलं. 'वीर जवान सर्जेराव', एवढंच. ज्ञानूचा पत्ताच नव्हता.

ज्ञानू बौद्धवाडीतला. दोघं तोरण्याच्या पायथ्याला हिरडे काढत वाढले. ज्ञानू शेंड्यावर, सर्जेराव निम्म्या झाडावर, कारण त्यांना उंचीची भीती. भोरला भरतीला दोघं एकाच एसटीनं गेले, आणि नशीब असं की दोघांनाही विमानातून उड्या मारणाऱ्या पलटणीत घेतलं. एकाहत्तरच्या लढाईत विमानाच्या दारात ज्ञानू पुढं, सर्जेराव त्याच्या मागं. पुढच्याच्या पाठीवरच्या छत्रीची दोरी मागच्यानं तपासायची, आपली पाठ आपल्याला दिसत नाही म्हणून. आणि नंबर मोडून कुणी उडी घ्यायची नाही, हा तिथला नेम. ज्ञानूची छत्री झकास उघडली. गोळी लागली ती दुसऱ्या दिवशी, जमिनीवर.

सर्जेराव मोडका गुडघा घेऊन परतले आणि वेल्ह्यात पिठाची गिरणी चालवत म्हातारे झाले. फौजी म्हणून गावानं त्यांना प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवलं. पोराचा एक फोटो शाळेत लावा म्हणून ज्ञानूच्या बापानं मात्र चपला झिजवल्या. गाव म्हणालं, बघू. बाप गेला, आई गेली, तरी गाव आपलं बघतंच आहे. लाज कशाशी खातात हे या गावाला कधी कळलं नाही.

सोमनाथ म्हणजे तात्यांचा पुतण्या, गावचा सरपंच. कमानीच्या उद्घाटनाला पाहुणे जमले आणि तात्यांनी त्याला तिथंच गाठलं.

“सोमा, ज्ञानूचं नाव कुठाय?”

“तात्या, समद्यांनी तुमचंच सुचवलं. त्येचं घातलं तर गावात वाद व्हत्याल.”

“त्यो मेला तवा कुणी वाद घातला न्हाई! मरायला चालला, अन् कमानीवर चालंना व्हय रं?”

सोमनाथ पाहुण्यांकडं बघत ओशाळं हसला आणि त्यानं तात्यांपुढं कात्रीचं ताट धरलं. “आदी फीत कापा, कमानीखालनं आत चला. बाकीचं मागनं बघू.”

‘बघू’ ऐकलं आणि तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट त्यांनी हातानं उडवलं.

“दारातनं आदी ज्ञानू गेला, मग मी! त्येचा नंबर मोडून म्या जाणार न्हाई. त्येचं नाव वर चढू द्या, मग बोलवा.”

वाजंत्री थांबली. तात्या कमान टाळून शेजारच्या भातखाचरात उतरले. बांध चढताना गुडघा दुमडला आणि ते पडले. उचलायला आलेल्यांना त्यांनी शिव्या हासडल्या. पलीकडं ज्ञानूची बहीण भिमा उभी होती, जिला कुणी बोलावलंच नव्हतं. तिचा हात मात्र त्यांनी धरला.

कमान अजून तशीच आहे आणि तात्या अजून खाचरातून जातात, पावसाळ्यात चिखल तुडवत. मेल्यावर आपली तिरडीही तिथूनच न्यायची, असं त्यांनी घरच्यांना बजावून ठेवलंय. त्यांना मूलबाळ नाही. तेव्हा त्या चिखलात पहिला खांदा सोमनाथलाच द्यावा लागणार आहे.