पाणी कापणाऱ्या होडीची कैफियत

साहेब, तुम्ही मला बघितलंच नाहीत. लांबून आलात, हातातल्या टॅबलेटवर माझं वय वाचलंत आणि ‘हलवा, नाहीतर तोडू’ असा पिवळा कागद माझ्या कुशीला डकवून निघून गेलात. खाली वाकला नाहीत. बोटानं टकटक करून आवाज ऐकला नाहीत. बंदराचे कारभारी म्हणवता, आणि होडी कशाला म्हणतात ते तुम्हाला ठाऊक नाही. तोंडावर सांगते, कारण आता मला कुणाची भीड ठेवायची ताकद उरलेली नाही.

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, बास मासा धरायला जाणारी. इंग्लंडात साउथहॅम्प्टनला इचेन नदीच्या काठी एका यार्डात दोन लाकडी ठोकळ्यांवर मला चढवून ठेवलंय. समोर पाणी भरतं, ओसरतं, आणि मी नुसती बघत बसते. सीगल येऊन अंगावर घाण करतात. त्यांना हाकलायचाही कंटाळा आलाय.

माझा जन्म याच किनाऱ्यावर, एका पत्र्याच्या शेडमधला. साच्यात काचेच्या तंतूंचं कापड अंथरायचं, त्यावर राळ ओतायची, रोलर फिरवून बुडबुडे काढायचे, वाळू द्यायचं, की पुन्हा कापड. करणारी दोन माणसं दिवसभर एकमेकांना शिव्या घालायची, पण कामात त्यांनी हात आखडता घेतला नाही. माझ्या पोटाला त्यांनी कुऱ्हाडीच्या पात्यासारखी धार दिली आणि ती पुढून पार मागपर्यंत नेली.

हे नीट ऐका, कारण तुमच्यापैकी कुणी मोठेपणी होडी घ्यायला जाईल. पुष्कळ होड्यांना धार फक्त पुढे असते, दाखवायला. मागे त्या परातीसारख्या सपाट. लाट आली की धारेची होडी पाणी कापते आणि सपाट होडी पाणी बडवते. पाणी काही गुपचूप मार खात नाही. ते उलटा मारतं, थेट बसलेल्या माणसाच्या मणक्यात.

माझा पहिला मालक बस चालवायचा. त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं मला विकायला काढलं. उन्हाच्या दिवशी खूप जण आले, माझा उडालेला रंग पाहून नाक मुरडून गेले. रघुवीर डॉक्टर आले ते मात्र वारा सुटलेला असताना, अंगावर रेनकोट चढवून. म्हणाले, “आत्ता पाण्यात नेऊन दाखवा.” बसवाला हसला. “अशा हवेत? वेडे आहात?” डॉक्टर म्हणाले, “चांगल्या हवेत सगळ्याच चांगल्या असतात.” त्यांनी घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात अर्धा पेला चहा ओतला आणि माझ्या तळाशी ठेवला. आम्ही लाटांतून फिरून आलो. चहा हिंदकळला, पण सांडला नाही. डॉक्टरांनी तो गार झालेला चहा पिऊन टाकला आणि मी त्यांची झाले.

रघुवीर डॉक्टर मूळ पेणचे, खाडीकाठचे. इथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचं काम त्यांनी जन्मभर केलं. ऑपरेशन टेबलाशी तासन्‌तास वाकून उभं राहून त्यांची कंबर केव्हाच गेली होती. गावाकडे जिताडा हा मानाचा मासा. जावयाला जिताडा, मामलेदाराला जिताडा. इथला बास म्हणजे त्या जिताड्याचा मावसभाऊ, असं ते म्हणत. मापापेक्षा लहान मासा लागला तर गळ सोडवून त्याला दरडावत, “शाळा बुडवून आलास काय रे? घरी जा!” आणि पाण्यात सोडत. सुप्रभाबाई, त्यांच्या मंडळी, धक्क्यावर उभ्या राहून म्हणत, “आलात सवतीला फिरवून? मासा आणलात, की नुसत्या गप्पा?”

नारळी पौर्णिमेला मात्र बाईसुद्धा होडीत बसत. खाडीच्या तोंडाशी कॅलशॉटपर्यंत जाऊन डॉक्टर इंजिन बंद करत आणि नारळाला हळदकुंकू लावून तो दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडत. त्या दिवसांत मला वाटे, आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही.

मग डॉक्टर निवृत्त झाले. कमरेचं ऑपरेशन झालं. सर्जननं सांगितलं, “समुद्रावर जा, पण दणका बसता कामा नये. पुन्हा दणका बसला तर होडी कायमची बंद.” डॉक्टरांना बाकी काही नको होतं. सिनेमा नको, क्रूझ नको. महिन्यातून एकदा पाणी हवं होतं.

इथे जावईबापूंची एन्ट्री होते. गंधार मूळचा पुण्याचा, मिल्टन कीन्समध्ये सॉफ्टवेअरवाला. तिथून समुद्र इतका लांब की ओहोटी म्हणजे काय ते पोराला गूगल करावं लागे. पण सासऱ्यावर जीव. त्यानं आणि ऋजुतानं, म्हणजे डॉक्टरांच्या इथेच वाढलेल्या लेकीनं, ठरवलं की बाबांना नवी होडी भेट द्यायची. ऋजुता माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, हा बोट किती जुना झाला आहे. आय मीन, लुक ॲट इट.”

गंधारनं होडी निवडली ती शोरूममध्ये, गालिच्यावर. चमचमता जांभळा रंग. गोल फिरणाऱ्या गुबगुबीत खुर्च्या. कप ठेवायला जागा, फोन चार्ज करायला जागा. पोटाखाली कुणीही वाकलं नाही. ट्रायल घेतली ती एका तळ्यात, जिथे बदकंसुद्धा झोपलेली होती. खुर्ची मऊ म्हणजे प्रवास मऊ, असा त्याचा हिशेब. मित्रांनो, ती सपाट होडी वाईट नव्हती. तळ्यात ती राणीच. पण तिला समुद्रात आणणं म्हणजे स्केटिंगचे बूट घालून सिंहगड चढणं.

ती यार्डात आली त्या दिवशी पूजा झाली. सुप्रभाबाईंनी हार आणला. गंधारनं ट्रेलरच्या चाकांखाली लिंबं ठेवली. पुण्यात नवी गाडी घेतल्यावर करतात तसंच. मग नारळ उचलला, “गणपती बाप्पा” असं ओरडला आणि होडीच्या नाकावर दाणकन हाणला.

नारळ फुटला नाही. होडी तडकली.

कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर त्या जांभळ्या रंगावर पसरली. डॉक्टर हळूच म्हणाले, “अरे, नारळ समुद्राला द्यायचा असतो. होडीला हाणायचा नसतो.”

“सॉरी बाबा! मला वाटलं कारसारखंच...”

“कारवरसुद्धा नसतात रे हाणत, जमिनीवर फोडतात,” सुप्रभाबाई म्हणाल्या. “तुझ्या आईनं काही शिकवलं की नाही?”

विकणाऱ्यानं फोनवरच हात वर केले. नारळाची गॅरंटी त्याच्या कागदात नव्हती. मी ठोकळ्यांवरून ओरडत होते. अहो, ज्या पोटाला नारळ सोसत नाही त्याला लाट काय सोसणार? ही देवानं घेतलेली परीक्षा आहे, बघा तिच्याकडे! पण माणसांना होडीचं ऐकू येत नाही. त्यांनी चिरेवर गणपतीचा स्टिकर लावला आणि फोटो काढले. साहेब, तुमचा नियम एका कुटुंबाला धक्क्यावर एकच जागा. म्हणून नवी पाण्यात गेली आणि मी कोरड्यावर राहिले.

डॉक्टरांना कळत नव्हतं असं नाही. नवीच्या पोटाखाली त्यांनी हात फिरवला होता, आणि हात थांबलेला मी पाहिला होता. पण पोरानं हौसेनं आणलंय, त्याला कसं सांगायचं? जावयाचं मन मोडायचं नाही ही आपली रीत. त्या रीतीपायी हा शहाणा माणूस त्या परातीत जाऊन बसला.

सकाळी डॉक्टर आणि गंधार गेले ते हसत गेले. दुपारी परत आले तेव्हा डॉक्टर खुर्चीत नव्हते, तळावर आडवे होते. कॅलशॉटपाशी ओहोटी आणि पश्चिमेचा वारा समोरासमोर भिडले होते. त्यात एक मोठी फेरीबोट शेजारून गेली. जांभळी होडी उडाली आणि आपटली, उडाली आणि आपटली. गुबगुबीत खुर्चीचं बूड मोडलं. डॉक्टरांना धक्क्यावर घ्यायला माणसं धावली. सुप्रभाबाई गंधारला ओलांडून थेट डॉक्टरांपाशी गेल्या.

नंतर तो माझ्या कडेला टेकून फोनवर ऋजुताशी बोलत होता. “मी त्यांना विचारलंच नाही गं. सरप्राइज द्यायचं होतं ना. ज्याला समुद्र कळतो त्यालाच विचारलं नाही.” बोलता बोलता त्यानं माझ्या अंगावर नुसतीच थाप मारली. घट्ट, खणखणीत आवाज आला. त्यानं पुन्हा मारली. मग पहिल्यांदाच कुणीतरी नवा माणूस माझ्या पोटाखाली वाकला.

आता सर्जन म्हणतात, होडी बंद. डॉक्टर म्हणतात, समुद्रानं माझी कंबर मोडली नाही, सपाट तळानं मोडली. गंधारनं जांभळी होडी एका तळ्यावाल्याला देऊन टाकली आहे. दर शनिवारी मिल्टन कीन्सहून गाडी हाकत येतो आणि माझ्या पोटावरचे शिंपले खरवडतो. जागा मोकळी आहे, माणूस तयार आहे, मी तयार आहे. सर्जनला डॉक्टर समजावतील; साहेब, बंदरात आडवा आहे तो फक्त तुमचा नियम, की तीस वर्षांवरची होडी बंदरात नको.

परवा डॉक्टर काठी टेकत, पट्टा बांधून आले. साहेब, तुम्ही वाटेत भेटलात. डॉक्टर म्हणाले, “तज्ज्ञाकडून हिची तपासणी करून घ्या. त्यात नापास झाली तर मी स्वतः तोडायला देतो. आणि तुम्ही स्वतः एकदा वाऱ्यात हिच्यात बसा. आधी तुमच्या धक्क्यावरच्या कुठल्याही नव्या सपाट होडीत, मग हिच्यात.” तुम्ही घड्याळ पाहिलंत. “मीटिंगमध्ये बघू,” म्हणालात आणि गेलात.

मित्रांनो, होडी घेताना तळ बघा, रंग नको. ज्याच्यासाठी घेताय त्याला विचारा, आणि जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा हात लावा. एवढंच सांगायचं होतं.

बाकीचं तुमच्याशी, साहेब. सोमवारी करवतवाला येणार आहे. शनिवारी पश्चिमेचा वारा आहे आणि ओहोटी आहे. एक म्हातारा माणूस धक्क्यावर काठी टेकून उभा असेल, आणि त्याला पुन्हा समुद्र दिसणार की नाही हे तुमच्या एका शब्दावर आहे. मीटिंग नको, कागद नको. तुम्ही माझ्यात बसायला येताय की नाही? हो म्हणा, नाही म्हणा, पण या वेळी माझ्याकडे बघून उत्तर द्या.