ठिपक्याखालची वेळ

दुपारी दोनला बातमी आली तेव्हा पडद्यावर तिच्या गाडीचा ठिपका हिरवाच होता. पुलाच्या अलीकडे, जागच्या जागी.

"नाही हो, ती अलीकडेच थांबलीये. मला दिसतेय," तो म्हणाला.

वायरलेसवरच्या माणसाने तेच पुन्हा सांगितलं. पुलापलीकडे रुग्णवाहिकेवर तोफगोळा पडला होता. चालक आणि नर्स, दोघंही गेली होती.

नर्स म्हणजे त्याची बायको. ती जखमींना आणायला पुढे जायची आणि तो तळावरच्या खोलीत बसून सगळ्या गाड्या पडद्यावर सांभाळायचा. आमचा नवरा बायकोकडे बघतो तो फक्त ड्यूटीवर, असं ती चारचौघांत सांगायची.

पुलापलीकडे मारा सुरू झाल्याचा निरोप त्याला दीडलाच मिळाला होता. त्याने तिचा ठिपका पाहिला आणि सुटकेचा श्वास टाकला. वायरलेसवर उगाच बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून हाक मारली नाही. खरं तर तिच्या गाडीतून पडद्याला येणारे संदेश त्याआधी वीस मिनिटं थांबले होते; वायरलेस तेवढा चालू होता. गाडी पुढे गेली आणि ठिपका मागे राहिला.

प्रत्येक ठिपक्याखाली शेवटचा संदेश कधी आला ती वेळ बारीक अक्षरांत येते. पण गाड्या दोनशेवर गेल्या तशा त्या वेळा एकमेकींवर चढू लागल्या आणि पडद्यावर नुसता मुंग्यांचा बाजार झाला. तेव्हा त्यानेच खटपट करून वेळा बंद करायची युक्ती शोधली. पडदा लख्ख झाला. वरच्यांनी पाठ थोपटली आणि बाकीच्या चार केंद्रांनी फोन करून ती युक्ती त्याच्याकडून शिकून घेतली.

चौकशी बसली. जबाबाच्या आदल्या दिवशी साहेब घरी आले. भला माणूस. बराच वेळ तिच्याबद्दल बोलले, मग चप्पल घालता घालता म्हणाले, "यंत्रात बिघाड झाला एवढंच लिही. यंत्राला ना पोरंबाळं, ना नोकरी जायची भीती. त्याच्या माथी मारलं तर कुणाचं काय बिघडतंय?"

साहेब गेल्यावर तो हिशोब मांडत बसला. यंत्राच्या माथी मारलं तर यंत्र बदलतील. नव्या यंत्रावरही वेळा बंदच राहतील आणि कुठल्या तरी खोलीत कुणीतरी असाच हिरवा ठिपका बघून निर्धास्त बसेल. खरं लिहिलं तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल. त्याहून मोठी धास्ती सासूबाईंची होती. लेक गेल्यापासून त्या याच घरात होत्या आणि त्यालाच जेवायचा आग्रह करत होत्या.

त्याने त्यांना सगळं सांगितलं. ठिपका, वेळ, युक्ती.

त्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हात थांबला नाही. "वेळ दिसली असती, तर तुम्ही तिला हाक मारली असती?"

"हो."

"ती मागे फिरली असती?"

"वेळ होता. फिरली असती."

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. "मग तसंच लिहा," त्या म्हणाल्या. "आणि आज माझ्याशी बोलू नका."

त्याने तसंच लिहिलं. दुसऱ्याच दिवशी त्याला पडद्यावरून उठवून भांडारात बसवलं. तिथे तो ब्लँकेटं मोजतो. सासूबाई आता त्याच्याशी बोलतात, पण कामापुरतं.

आठवड्याने न राहवून त्याने उत्तरेकडच्या केंद्रात फोन लावला. तिथली ऑपरेटर जुन्या ओळखीची. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, मला कळतंय हो. पण चौकशी संपेपर्यंत कुठलीच सेटिंग बदलायची नाही असा लेखी हुकूम आहे. पुरावा आहे म्हणे."

चौकशीची पुढची तारीख अजून लागलेली नाही. पाचही केंद्रांत वेळा बंदच आहेत.