पट्ट्याखालची जखम

मी एक जुना, पाण्याला सोकावलेला कुत्रा आहे, मित्रांनो. माझं नाव डोंगा, म्हणजे लहान होडी. सिंदेवाहीकडे एका मोठ्या मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या वेळच्या तलावाच्या काठावर मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती आहे. तिथे जंगू आणि सुकरी या नवराबायकोच्या दारात मी राहतो. एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. सांगता सांगता मी मधेच उठलो, दोन फेऱ्या मारल्या, तर रागावू नका.

माझा जन्म तलावाच्या पाळीवर झाला. लहान पिल्लू असतानाच मी घसरून पाण्यात पडलो आणि पाय मारत मारत बाहेर आलो. ते जंगूने पाहिलं. "पिल्लू नाई बाप्पा, डोंगा आहे हा," असं म्हणून त्याने मला उचलून घरी आणलं.

मोठा झाल्यावर मी त्याच्या कामाला लागलो. तो डोंग्यात बसून जाळं टाकायला निघाला की मी मागे पोहत जाई. जाळ्यातले मासे पळवणारे पाणकावळे मी हुसकून लावी. जाळं तरंगावं म्हणून बांधलेली एखादी रिकामी बाटली सुटून वाहत गेली, तर तोंडात धरून परत आणी. शेजारच्या बायनाबाईच्या तोंडून चांगला शब्द सहसा निघत नाही. पण तीही एकदा म्हणाली, "जंगूभाऊ, माणसापरीस कामाचं आहे बाप्पा तुमचं कुत्रं!" जंगूची छाती फुगली. आठवडी बाजारातून त्याने लाल नायलॉनचा पट्टा आणून माझ्या गळ्यात बांधला. मी तो वस्तीभर मिरवला.

मग तो पावसाळा आला. पाऊस उघडेचना. अंग वाळायच्या आत मी पुन्हा पाण्यात. भादव्यात कडक ऊन पडलं, तेव्हा माझ्या दाट केसांखाली नुसती वाफ कोंडली. आधी मान खाजली. मग कान, काख, बोटांच्या बेचक्या. खाजवलं की घटकाभर बरं वाटे, नंतर दुप्पट आग होई. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की भिंतीला अंग घासावंसं वाटे. झोप उडाली. अंगाला कुबट वास येऊ लागला. ज्यांनी मला थोपटलं होतं, तेच आता "हाड!" म्हणू लागले.

जंगूने कुणाचं तरी ऐकून गाडीतलं जळकं काळं ऑइल माझ्या अंगाला चोपडलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी ते चाटलं आणि उलट्या करकरून अर्धा झालो.

शेवटी बायनाबाई दारात येऊन उभी राहिली. "हे कुत्रं वस्तीत नोको आता. पोराईले खरूज लागन, मंग काय करसान?"

"कुठी सोडू त्याले?" जंगू म्हणाला.

"कुठीही सोडा, पण इथी नोको."

सुकरी तेव्हा शिंगाडे विकायला बाजारात गेली होती. जंगूने मला पोत्यात घातलं, मोटरसायकलवर बांधलं आणि जंगलापलीकडच्या एका गावाबाहेर सोडून दिलं. मी गाडीमागे धावलो. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

मित्रांनो, तिथल्या कुत्र्यांनी मला टिकू दिलं नाही. वास हुंगत, ओढ्याकाठाने, उपाशीपोटी मी परत निघालो. कितीदा वाट चुकलो ते मलाच ठाऊक. आमच्या तलावाचा पलीकडचा काठ लागला तेव्हा पायांत बळ नव्हतं. तरी पाण्यात उतरलो, कारण मला तेवढंच येत होतं.

घाटावर सुकरी भांडी घासत होती. पाण्यावर माझं डोकं दिसताच ती भांडी टाकून कंबरभर पाण्यात धावली आणि मला उचलून काठावर घेऊन आली. माझे ओले केस फाकले होते. तिने मानेवर हात फिरवला, मी कळवळलो. तिने पट्टा सोडला. त्याखालची कातडी लालभडक होऊन सडली होती.

जंगू मागे येऊन उभा होता. सुकरी त्याला म्हणाली, "पट्टा बांधला तुमीच. एकदा तरी खोलून पाह्यला का? अन् मले इचारल्याबिगर नेऊन टाकलं याले!"

जंगूने गाडी काढली आणि सुकरीने मला मांडीवर घेतलं. पुन्हा तीच गाडी! मी दवाखान्यापर्यंत थरथरत होतो.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव ललिता. त्यांनी केस कापले, कातडी खरवडून भिंगाखाली पाहिली. म्हणाल्या, "खरजेचे किडे नाईत. हे कोणाले लागत नाई. सतत ओलं राहून कातडी सडली. जखमा भरतवरी पाण्यात सोडू नोका. मंग पोहू द्या, पण पट्टा काढून. अन् पोहून आला का कान, काख, बोटं पुसून कोरडं करत जा. ऑइल-बिइल काही लावू नोका."

ते आठवडे फार वाईट गेले. चाटू नये म्हणून गळ्यात कापलेली बादली अडकवली होती. जाळं पाण्यावर पडल्याचा आवाज येई आणि मी दोरीला हिसके देत रडे. हिवाळा लागला, खाज थांबली, केस आले. बायनाबाईने एक दिवस मुकाट्याने माझ्यापुढे भाकर टाकली.

मित्रांनो, आम्हाला आमचं दुखणं सांगता येत नाही. आम्ही फक्त खाजवतो. पावसाळ्यात तुमचं कुत्रं खाजवू लागलं, तर त्याला हाकलण्याआधी त्याचे केस बाजूला करून पाहा.

माझी कातडी बरी झाली, तरी अजून मोटरसायकल सुरू झाली की मी उठतो आणि तडक पाण्यात जाऊन उभा राहतो. हे जंगूला कळलं आहे. तो गाडी बंद करतो, सुकरीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन काठावर बसतो आणि मी बाहेर येण्याची वाट पाहतो. हाक मारत नाही. त्याला बराच वेळ बसावं लागतं, पण तो उठत नाही.