मधला गाळ

नथ्थूनं फावड्यानं उचललेला शेवटचा गाळ आपल्या काठावर टाकला आणि तो थांबला. पुढं वीतभर गाळ अजून होता, पण तो पाटाच्या मधोमध होता. त्याला हात लावायचा म्हणजे शालिकरामाची चाकरी केल्यासारखं झालं असतं. पलीकडून शालिकरामही खरडत खरडत तिथवरच आला होता. त्यानंही फावडं धुतलं, खांद्यावर टाकलं आणि नथ्थूकडं न पाहता तो आपल्या भाजीच्या बाडीत निघून गेला.

दसरा झाला की माळीपुऱ्यात पाट साफ व्हायचा तो असा. या काठच्यांनी इकडून मधापर्यंत यायचं, त्या काठच्यांनी तिकडून. मधे गाळाचा लांबच लांब वरंबा राहायचा, त्याला कोणी शिवायचं नाही. नाल्याच्या बंधाऱ्यातून आलेलं पाणी त्या वरंब्याच्या दोन्ही अंगांनी रडतखडत वाहायचं आणि निम्मं त्याच्यातच मुरायचं. वांग्यांना पाणी कमी पडलं तर पडो, सांबार-कोथिंबीर सुकली तर सुको, पण त्यांच्या वाट्याचा गाळ आपल्या टोपल्यात येता कामा नये. एवढा पीळ या लोकांनी दुसऱ्या कुठल्या कामात दाखवला असता तर गावाचे मालक झाले असते.

भांडण कशाचं, तर पाट कोणाच्या आज्यानं खोदला याचं. नथ्थू म्हणायचा, माझ्या. शालिकराम म्हणायचा, माझ्या. दोघांचेही आजे कधीच मातीत गेले होते आणि ज्यांनी खोदताना पाहिलं तेही गेले होते. तरी दर वर्षी गाळ काढताना आज्यांची नावं निघायची, एखाद्याचं डोकं फुटायचं, आणि मग वर्षभर या काठच्या बाया त्या काठच्या हळदीकुंकवाला जायच्या नाहीत.

एका गोष्टीपुरतं मात्र दोन्ही काठ एक व्हायचे. गावच्या म्युनिसिपालटीत माळीपुऱ्याचा एक वार्ड होता. घरपट्टी भरणाऱ्यालाच मत असायचं, आणि दोन्ही काठांची मतं मिळवली तर एक माळी मेंबर निवडून यायचा. गेल्या खेपेपासून तो शालिकराम होता. नथ्थूनं त्याला मत दिलं होतं. मत देतो, पाणी देत नाही, असं त्यानं चारचौघांत सांगूनही टाकलं होतं.

शालिकराम फार शिकलेला नव्हता, पण आवाज मोठा होता. चौकातला भाजीबाजार उठवून कापसाच्या जिनाच्या पलीकडं, स्मशानाच्या वाटेवर न्यायचा आणि चौकात पक्की दुकानं बांधायची, असा जिनवाल्या शेटजींचा बेत होता. दुकानं कोणाला मिळणार हे सांगायची गरज नव्हती. शालिकरामानं सभेत उभं राहून इतका गोंधळ घातला, वाशिमपर्यंत इतके अर्ज नेले, की बेत दोनदा बारगळला. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरचे लोक, शिरपूरच्या जत्रेला जाणारे लोक, सगळे त्या चौकातूनच जायचे. तिथली जागा गेली असती तर माळ्यांच्या बायांनी टोपल्या डोक्यावर घेऊन दारोदार हिंडायचं, नाहीतर भाजी गुरांना घालायची.

मग शेटजींनी बाजार सोडला आणि वार्डच धरला. नवी निवडणूक यायच्या आधी वार्डांच्या हद्दी नव्यानं आखायचं ठरलं. माळीपुरा मधून चिरायचा, अर्धा पेठेच्या वार्डाला जोडायचा, अर्धा जिनाच्या. पेठेत व्यापाऱ्यांची मतं रग्गड, जिनाच्या वार्डात शेटजींच्या चाळींची. माळ्यांची मतं दोन्हीकडं पाण्यात मीठ टाकल्यासारखी विरून गेली असती. कागदावर मात्र मोठी गोड भाषा होती. लोकसंख्येचा समतोल, नैसर्गिक हद्द, असं काय काय लिहिलं होतं.

माळीपुऱ्यानं हरकत घेतली. वाशिमहून बापूराव वकील आले, घोंगडीवर बसले, चहा प्याले आणि सगळं ऐकून म्हणाले की यात एकच मुद्दा आहे. हा माळीपुरा एक आहे. एक जात, एक धंदा, एक पाणी. मधून तोडायला इथं हद्द म्हणून काहीच नाही. डिप्टीसाहेब जागा पाहायला येतील, ते काहीही विचारोत, उत्तर हेच द्यायचं. त्यांनी दोन्ही काठच्या माणसांकडून तसं वदवूनही घेतलं. नथ्थूनंही मान डोलावली. त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, आतून विचारलं की मधला गाळ तेवढा काढून टाकायचा का, साहेब येतात तर. वकिलांना गाळाचं काही कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. कोणी काढायचा, हा प्रश्न होता. सगळ्यांनी तो तसाच ठेवला.

साहेब आले ते चांगला दिवस बघून आले. पुरुषांनी धुतलेली धोतरं नेसली होती, फेटे बांधले होते. साहेब नागपूरकडचे, मराठी बोलणारे, पायी चालणारे निघाले. बरोबर म्युनिसिपालटीचा एक ओव्हरसियर, शेटजींचा मुनीम आणि वकील. मुनीम सबंध वाटेत एक शब्द बोलला नाही. त्याला बोलायची गरज पडणार नाही हे त्याला कुठून कळलं होतं, देव जाणे.

साहेबांनी घरं पाहिली, मारुतीचं देऊळ पाहिलं, दोन्ही काठची लेकरं एका पडवीत पाढे म्हणत होती ती पाहिली. तिथं ते मान हलवत होते. वकिलांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. मग मंडळी पाटावर आली. इकडच्या काठावर नथ्थू आणि त्याचे भाऊबंद उभे होते, शालिकराम साहेबांच्या शेजारी होता. साहेबांनी पाट कोणाचा म्हणून विचारलं.

"साऱ्यांचा, साहेब," शालिकराम म्हणाला. "दोनी काठाचा."

इथं तो थांबला असता तर काम झालं होतं. पण साहेबांनी छान म्हटलं, आणि शालिकरामाचा आवाज फुगला. मेंबर होता ना तो.

"माया आज्यानं खोदला, साहेब. एकट्यानं. अन् साऱ्याइले पानी देल्लं."

नथ्थूच्या कानशिलावर रक्त चढलं. पंचफुला दारात उभी होती. तिनं पदराआडून हात हलवला, नाही, नाही. वकिलांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. नथ्थूला सगळं दिसत होतं. बाजार दिसत होता, चौकातली आपली जागा दिसत होती, जिनामागची स्मशानाची वाट दिसत होती. एक घोट गिळायचा होता फक्त. त्यानं तो गिळलाही. पण शालिकराम साहेबांना पाटाचा दगडी काठ दाखवत होता आणि म्हणत होता की हा दगडही आज्यानं गाडीनं आणला, इकडचे लोक तेव्हा इथं नव्हतेच.

"थो खोटं बोलून राह्यला," नथ्थू म्हणाला.

सगळे वळले.

"पाट माया आज्याचा हाय, साहेब. त्याइचा काठ तो. आमचा हा. त्याइचा हात हिकडं कदी लागला नाई, अन् आमचा तिकडं लागत नाई." आणि त्यानं पाटाकडं बोट केलं. "पाहा नं. मदातला गाळ पाहा. तो शिवेचा धुरा हाय."

साहेब वाकले. पाण्यातून वर आलेला तो वरंबा, त्याच्यावर उगवलेलं गवत, इकडून तिकडून फावड्यानं नीट तासलेल्या कडा, हे सगळं त्यांनी पाहिलं. ओव्हरसियरनंही वाकून पाहिलं. साहेबांनी मग अगदी हळू, समजूतदार माणसासारखं विचारलं की म्हणजे या काठाचा त्या काठाशी संबंध नाही का?

आता शालिकरामाचंही तोंड उघडलं होतं. कोण कधी आलं, कोणाच्या आज्याला कोणी आसरा दिला, हे तो ओरडून सांगत होता. त्याच्या मागचे ओरडत होते, नथ्थूच्या मागचे ओरडत होते. त्या गलक्यातही नथ्थूचं उत्तर साहेबांना नीट ऐकू गेलं.

"पान्यापुरताबी नाई."

साहेबांनी त्याला शाबासकी दिली. निदान तुम्ही खरं बोललात, असं म्हणाले. नथ्थूची छाती भरून आली. साहेबासमोर, मुनिमासमोर, सबंध पुऱ्यासमोर शालिकराम खोटा पडला होता. तो घरात आला तेव्हा मिशीवर हात फिरवत होता. वकील चहाला थांबले नाहीत. पंचफुला चुलीपुढं बसली होती आणि तिनं मागं वळून पाहिलं नाही.

हुकूम यायला फार दिवस लागले नाहीत. माळीपुऱ्याचा वार्ड मोडला. हद्द पाटाच्या मधातून. कारणही दिलं होतं. ही हद्द रहिवाशांनी स्वतःच दाखवून दिली असून ती पिढ्यान्‌पिढ्या मान्य आहे. हुकूम म्युनिसिपालटीच्या दारावर लावला होता, तो कोणीतरी मोठ्यानं वाचला आणि ऐकणारे खाली मान घालून निघून गेले. नथ्थूला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. देवळाच्या पारावर तो जाऊन बसला की लोकांना कामं आठवायची.

बोलली ती पंचफुला. जेवण वाढता वाढता बोलली, आवाज न चढवता.

"मेलेल्या आज्याले पाट देल्ला तुमी. अन् जितं लेकरू आता मसनाच्या वाटेवर भाजी इकन."

नथ्थूनं भाकरी मोडली आणि हातातच धरून ठेवली. शालिकरामानंच आधी तोंड उघडलं, असं त्याला म्हणायचं होतं. खरंही होतं ते. पण त्या खऱ्याचं आता काय करायचं, हे त्याला कळेना.

निवडणुकीचे दिवस आले. आजवर निवडणूक म्हणजे माळीपुऱ्याची दिवाळी असायची. उमेदवार माळी असो की शेटजींचा माणूस, दोघंही दारोदार यायचे. मागच्या खेपेला खुद्द शेटजी नथ्थूच्या ओसरीवर बसले होते, त्याच्या घरचा चहा प्याले होते, बाडीतली वांगी वाखाणली होती. नथ्थूनं मत शालिकरामाला दिलं ते वेगळं, पण ते बसणं त्याला आवडलं होतं.

या खेपेला त्यानं मनाशी ठरवलं होतं. आता आपण पेठेच्या वार्डात, तर पेठेच्या उमेदवाराला सांगायचं. हात जोडून सांगायचं. मतं घ्या आमची सगळी, या काठची एकजात देतो, बाजार तेवढा हलवू नका. शब्द घ्यायचा त्याच्याकडून. ओसरी त्यानं स्वतः झाडली, अंगणात सडा घालायला लावला, शेजाऱ्याकडून सतरंजी मागून आणली. पंचफुलानं विडे लावून तबकात ठेवले. चहाचं आधण चुलीवर चढलं, उतरलं, पुन्हा चढलं.

सकाळी मोठ्या रस्त्यावरून टांगा गेला. वाजंत्री वाजत होती, माणसं टांग्यामागं धावत होती. नथ्थू उठून उभा राहिला, फेटा सारखा केला. टांगा माळीपुऱ्याच्या तोंडाशी आला आणि तसाच सरळ पेठेकडं गेला. परत येताना येतील, असं तो म्हणाला. दुपारी परत येताना टांगा थांबला नाही. मग दुसरा उमेदवार गेला. त्याच्या टांग्यातल्या माणसानं माळीपुऱ्याकडं बोट करून काही विचारलं, आणि शेजारच्यानं हात झटकला.

पलीकडच्या काठावर शालिकरामाचं अंगण दिसत होतं. तेही सारवलेलं होतं. घोंगडी अंथरली होती, तांब्या-पेला मांडला होता. शालिकराम जिनाच्या वार्डातल्या उमेदवाराची वाट पाहत खांबाला टेकून बसला होता. मेंबर असताना घालायचा तो काळा कोट त्यानं अंगात घातला होता, आणि उन्हात तो कोट फार जुना दिसत होता. दोघंही दिवसभर एकमेकांच्या समोर बसले आणि दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही.

ऊन उतरायला लागलं तसा शालिकराम उठला. पाटापर्यंत आला. त्या दिवसापासून दोघं बोलले नव्हते.

"तुयाकडं आलता का कोनी?" त्यानं विचारलं.

नथ्थूनं सतरंजीकडं पाहिलं. विडे तबकात सुकले होते. आत पंचफुलाच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं.

"येऊन गेले," तो म्हणाला. "मंगाच. च्या पेऊन गेले."

शालिकरामानं मान हलवली.

"मायाकडंबी. लय वेळ बसले होते."

त्याच्या मागं घोंगडी होती, सकाळी अंथरली तशी, तिच्यावर एक सुरकुती नव्हती. सारवलेल्या अंगणात एक पाऊल उमटलेलं नव्हतं. नथ्थूनं ते सगळं नीट पाहून घेतलं.

"बसले असतीन," तो म्हणाला, आणि खाली बसून सतरंजीची घडी घालू लागला.