मोडलेल्या कमानीची जबानी

मी एक कमान बोलतेय. लोखंडी नळीची, आणि सांध्यात मोडलेली. पण तोंड शाबूत आहे, त्यामुळे जे सांगायचंय ते कुणाची भीड न ठेवता सांगणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. दारावरची शोभेची कमान मी नव्हे. उघड्या टपाच्या गाडीत चालकाच्या डोक्यामागे उभी असते ती मी. अशी गाडी उलटली, तर वर छप्पर नसतं. माणसाचं डोकं आणि जमीन यांच्यामध्ये फक्त मी असते.

माझा जन्म जिन्याचे कठडे बनवणाऱ्या एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. सगळी गल्ली त्याला मामा म्हणते; खरा मामा तो एकीचाच. त्याची ही भाची रुग्णवाहिका चालवते आणि सुट्टीच्या दिवशी विमानतळाच्या जुन्या धावपट्टीवर आपली उघडी गाडी शर्यतीत पळवते. शर्यत सरळ रेषेतली. दोन गाड्या शेजारी उभ्या, हिरवा दिवा लागला की पाव मैल, खेळ खलास.

घोटाळा झाला तो ती वेगात आली म्हणून. इंजिन तिने स्वतः उघडून नीट केलं आणि त्या दिवशी वेळ लागला तेरा पूर्णांक दोन सेकंद. तिथला तपासनीस, कानाला पेन्सिल आणि हातात टॉर्च असलेला एक किडकिडीत माणूस, तिच्यापाशी आला.

"ताई, अभिनंदन. आता घरी जा."

"का म्हणून?"

"साडेतेराच्या आत आलात. उघड्या गाडीला इथून पुढे कमान लागते, खांद्यांवरून येणारा पट्टा लागतो, आणि हातांना पट्ट्या. गाडी उलटली तर हात बाहेर जायला नकोत."

"म्हणजे हळू आले असते तर चाललं असतं?"

"हळू आला असतात, तर मी तुमच्याशी बोललोच नसतो."

ती चिडली. पण उलटलेल्या गाडीतल्या माणसाचं काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं; तशी माणसं ती उचलून नेते. तिच्या आईने, म्हणजे मामाच्या ताईने, निकालच दिला, "त्या माणसाची सही झाल्याशिवाय गाडीच्या चावीला हात लावायचा नाही!"

मामाने मला मन लावून घडवलं. जाड नळी निवडली, यंत्रावर वाकवली, कुठे चेमटू दिली नाही. मागे दोन तिरपे टेकू जोडले, पायाला जाड पत्रे जोडून ते बोल्टांनी गाडीच्या तळाला आवळले. इथपर्यंत सगळं चोख. मग त्याने ग्राइंडर उचलला.

यात त्याचा आळस नव्हता, हे लिहून ठेवा. मामाची तीस वर्षं कठड्यांत गेली. कठड्यावरून हात फिरवताना सांधा बोटाला लागला, की गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून मामा प्रत्येक सांध्यावरचा उंचवटा घासून सपाट करतो. मलाही त्याने दोन दिवस घासलं, वर काळा चकचकीत रंग दिला.

"सांधा शोधून दाखव," तो भाचीला म्हणाला.

"मामा, तू मिस्त्री नाहीस, जादूगार आहेस!"

मीही फुशारले. खोटं कशाला बोलू?

धावपट्टीवर तपासनिसाने भाचीला हेल्मेट घालून बसवलं आणि मी तिच्या डोक्यापेक्षा किती उंच आहे ते मोजलं. पास. एक बारीक भोक पाडून माझी जाडी मोजली. पास. मग त्याची बोटं सांध्यावर आली आणि थांबली.

"वेल्ड कुठंय?"

"तीच तर कला आहे, साहेब," मामा हसला.

"नापास."

"काय?"

"तो उंचवटा म्हणजे सांध्याची ताकद होती. ती तुम्ही घासून जमिनीवर सांडलीत. आत किती उरलंय ते मला दिसत नाही, आणि दिसत नाही त्यावर मी सही करत नाही."

"तू त्या टॉर्चएवढा होतास तेव्हापासून वेल्डिंग करतोय मी!"

"असाल. पुढच्या रविवारी हंगामातली शेवटची शर्यत आहे. नवीन करून आणा, नाहीतर वर्षभराने भेटू."

मागे रांगेतून कुणीतरी ओरडलं, "एका सहीने काय होतंय, साहेब! सोडून द्या!" या वाक्याचा मला मनापासून संताप आहे. असं म्हणणारा स्वतः कधी त्या गाडीत बसत नाही. तो रांगेत उभा राहतो, उदार होतो आणि घरी जाऊन जेवतो.

शेडमध्ये परतल्यावर मामाने मला बोल्ट खोलून बाहेर काढलं. "त्या किडकिड्याला दाखवतोच," म्हणत माझा पाय शिकंज्यात पकडला, माझ्या आणि टेकूच्या मधे जॅक लावला आणि दांडा मारायला लागला. मी टिकायचा प्रयत्न केला. मामासाठी तरी टिकावं असं फार वाटत होतं.

टक्.

आवाज मोठा नव्हता. घासलेला सांधाच नेमका उघडला. आत लोखंड उरलं होतं नखाएवढं जाड.

मामा स्टुलावर बसला. भाचीने उघड्या सांध्यात बोट घालून पाहिलं. मग ती म्हणाली, "मामा, तिथे माझं डोकं असतं."

"गप. नळी आण."

मग त्याने ग्राइंडर तिच्या हातात दिला. "हा तुझ्या घरी ने. माझा माझ्यावर भरवसा नाही."

माझी धाकटी बहीण चार दिवसांत तयार झाली. तिच्या सांध्यांवर माशाच्या खवल्यांसारखी वेल्डची ओळ स्पष्ट दिसते. रविवारी मामा परत आला तो शेडच्या दारातूनच बोलत आला. तपासनिसाने म्हणे टॉर्च मारून एकेक सांधा पाहिला, सही केली आणि म्हणाला, "देखणं काम आहे, मिस्त्री." मामा म्हणाला, "हेच मी तीस वर्षं घासून टाकत होतो हो!" भाची बारा पूर्णांक नऊ सेकंदांत आली, पुढच्या फेरीत हरली, आणि घरी येईपर्यंत पुढच्या हंगामाचे बेत करत होती. तिच्या आईने वेळेची चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, "यापेक्षा कमी नाही का होणार?"

आता मी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. उघड्या गाड्यांचे मालक मामाकडे यायला लागलेत. परवा एक जण म्हणाला, "फारच दिसतंय हो ते, जरा घासून द्या की." मामाने मला खाली काढलं, त्या माणसाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "इथे बोट घाला." त्याने घातलं. मग विचारलं, "न घासता कधी मिळेल?"

माझं मागणं तेवढंच आहे. तुमच्या चांगल्या कामाला कुणी नापास म्हटलं, तर भांडा. खुशाल भांडा, मामाही भांडला. पण भांडून झालं, की घरी येऊन जॅक लावून बघा.